ग्राउंड म्हणजे उरलेली जागा नव्हे

मंडळी, हल्ली बरेच सॉफ्टवेअरवाले शनिवार-रविवारी सर्किट बोर्ड काढायला लागलेत. चांगलंच आहे. पण त्यांच्या बोर्डांत एक प्रकार सारखा दिसतो आणि तो डोक्यात जातो. आधी दोन्ही बाजूंना वाट्टेल तसे ट्रॅक ओढायचे, मग कीकॅडमध्ये उरलेल्या जागेत तांबं भरायचं, 'बी' दाबायचं आणि सांगायचं, "ग्राउंड प्लेन टाकलाय!"

अरे, तो प्लेन नाही, ती गोधडी आहे.

खोड आपल्या सवयीत आहे. स्कीमॅटिकवर ग्राउंडचं चिन्ह शंभर ठिकाणी असतं, म्हणून ते आपल्याला ग्लोबल कॉन्स्टंट वाटतं. कुठूनही वाचा, शून्य व्होल्ट! तांब्याला हे कोणी सांगितलेलं नसतं. ट्रॅकवरून जेवढा करंट जातो तेवढा परत यावाच लागतो. फ्रिक्वेन्सी अगदी कमी असेल तर तो कमीत कमी रेझिस्टन्सची वाट धरतो. मेगाहर्ट्झच्या घरात मात्र कमीत कमी इंडक्टन्सची, म्हणजे बरोब्बर ट्रॅकच्या खालची. तिथे तांब्यात फट असली की बिचारा वळसा घालतो. वळसा म्हणजे लूप, आणि लूप म्हणजे फुकटची अँटेना.

"पण माझा क्लॉक फक्त १ मेगाहर्ट्झचा आहे," हे उत्तर ठरलेलं. क्लॉक विचारतंय कोण? एज १-२ नॅनोसेकंदांची असेल तर तिच्यात शेकडो मेगाहर्ट्झपर्यंतचा माल असतो.

आकडेच बघा ना. सलग प्लेनमध्ये परतीचा सुमारे ८० टक्के करंट ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना, ट्रॅक-प्लेन अंतराच्या तिप्पट जागेत मावतो. दोन थरांच्या नेहमीच्या १.६ मिमी बोर्डावर ही पट्टी जवळपास १ सेमी रुंद होते. चार थरांच्या बोर्डात हे अंतर ०.२ मिमी धरा, पट्टी उरते १.२ मिमी! शेजारच्या ट्रॅकला त्रास तेवढा कमी.

(प्लेन चिरून अ‍ॅनालॉग आणि डिजिटल अशा वाटण्या करणारे शहाणे वेगळेच. प्लेन एकच ठेवा, वाटणी पार्ट्सची करा, हे हेन्री ऑट यांनी केव्हाच सांगून ठेवलंय.)

दोनच थर परवडतात? हरकत नाही. खालची बाजू आधी ग्राउंडच्या नावावर करा, मग वर ट्रॅक ओढा. दोन ट्रॅक एकमेकांना छेदत असतील तर वरच्या बाजूलाच शून्य ओहमचा रेझिस्टर ठेवून एकाला दुसऱ्यावरून न्या. अगदीच अडलं तर खालून एक आखूड उडी, बास.