घोड्याची कुंडली

दिवाळीच्या सुटीत धाकटा भाचा राहावयास आला, त्याच्याबरोबर त्याचा संगणक आला आणि संगणकाबरोबर ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ. स्टॉकहोमच्या मोजांग कंपनीने २०११ साली तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. ठरावीक कथानक त्यात नाही. घनाकृती ठोकळ्यांच्या अफाट जगात खणावे, बांधावे, गुरे पाळावीत.

मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या या जगाआड आकड्यांचे दुसरे जग दडलेले असते. खेळाच्या ‘जावा’ आवृत्तीत एफ-३ व एच या कळा एकत्र दाबल्या, की वापरलेल्या अवजाराचे उरलेले आयुष्य वाचता येते. हिऱ्याची कुदळ १,५६१ ठोकळे फोडते, लोखंडाची २५०, आणि सोन्याची अवघे ३२! सोन्याची ही योग्यता पाहून मला, खरे सांगतो, बरे वाटले.

प्राण्यांची माहिती याहून खोल. तिच्यासाठी ‘डेटा गेट एंटिटी’ ही आज्ञा टंकावी लागते आणि एकट्याच्या जगात त्याकरिता वेगळी मुभा घ्यावी लागते; तिला पूर्वी ‘चीट्स’ म्हणत. चीट म्हणजे लबाडी. खेळ तेव्हा निदान प्रामाणिकपणे तसे म्हणत असे. मग कोंबडी पुढचे अंडे किती वेळाने घालणार, तेही कळते.

भाच्याने एक तपकिरी घोडा माणसाळवला होता. पाठीवर बसावे, त्याने झुगारून द्यावे, पुन्हा बसावे, असे करीत तो वश झाला. नाव ठेवले ‘पवन’. एका संध्याकाळी भाच्याने पवनची कुंडली काढली. या खेळात घोड्याचा वेग जन्मतःच ठरतो, किमान ०.११२५, कमाल ०.३३७५. पहिला सेकंदाला जेमतेम पाच ठोकळे पळतो, दुसरा चौदाहून थोडे अधिक. पवनचा आकडा निघाला ०.१४.

“मामा, हा तर अगदीच टाकाऊ निघाला!”

कालपर्यंत हाच घोडा वाऱ्याशी स्पर्धा करीत होता. मी रागे भरणार होतो, पण जीभ अडखळली. कित्येक वर्षे मी नव्या वर्गावर पाऊल ठेवण्यापूर्वी गतवर्षीचे गुणपत्रक चाळीत असे. एका मुलाचे गणितातले ११ गुण पाहून मी त्याला वर्षभर फळ्यापाशी बोलाविले नव्हते. पवनचा आकडा चाऱ्याने वा मायेने बदलणारा नव्हता. त्या मुलाचा बदलला असता की नाही, हे मी कधी पाहिलेच नाही.

दोन दिवसांत भाच्याने ०.२९चा घोडा शोधून आणला. पवन कुंपणाच्या कडेला उभा असे. निघण्याच्या दिवशी मी म्हटले, “मला बसव रे त्याच्यावर.” भाचा हसला, पण त्याने कळा दाखविल्या. समोरच्या टेकडीपर्यंत मी पवनवरून जाऊन आलो. पन्नाशी उलटलेल्या माणसास तो वेग पुरेसा वाटला.