पुस्तकाची शिक्षा

‘हल्ली मुले वाचतच नाहीत हो!’ दर दिवाळीला फराळाच्या ताटावर कुणीतरी हे वाक्य टाकतेच. मग मोबाईलला चार शिव्या बसतात आणि मंडळी चिवड्याकडे वळतात. मला मास्तरला मात्र तो घास गिळवत नाही. खरा गुन्हेगार मी रोज आरशात पाहतो.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात एक पोरगा इतिहासाच्या पुस्तकाआड ‘फास्टर फेणे’ वाचत होता. भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा बनेश त्याला कुठे घेऊन गेला होता, देव जाणे! मी पुस्तक काढून घेतले आणि मोठ्या औदार्याने म्हणालो, ‘एवढी आवड आहे ना? मग उद्या दोन पाने सारांश लिहून आण. खाली बोधही लिही.’ त्याने आणला, सुवाच्य अक्षरात. त्यानंतर शाळा सोडीपर्यंत त्याच्या हाती अवांतर पुस्तक मला दिसले नाही.

बोध म्हणे! बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचणाऱ्यांनी घरी बोलणी खाल्ली असतील, पण सारांश कुणी लिहिला नाही.

वाचायला सक्ती लागत नाही, हे पाहायला नागपूरकरांनी लांब कशाला जावे? धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जा. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे गाठीचे पैसे मोजून पुस्तके घेतात, पिशवीत जपून नेतात. तिथे हजेरी नाही की गुण नाहीत. आणि आम्ही? २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. हेतू चांगला, पण आम्ही पोरांना रांगेत बसवतो, फोटो काढतो, अहवाल धाडतो आणि सुटतो.

आईबापहो, तुम्हीही हसू नका. पोराने भुताची गोष्ट उचलली की ‘ज्ञान वाढेल असे काहीतरी घे’ म्हणणारे तुम्हीच! १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण घरोघरी आडवे पडून, चकली मोडत, नको ती पाने उलटत अंक वाचत आलो. हा अंक वाचल्यावर तुमची परीक्षा कोण घेणार आहे? मग पंधरा वर्षांच्या पोराचीच का घेता?

यंदा मी माझ्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली वर्गातल्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे. वही ठेवलेली नाही. दोन रहस्यकथा अजून परत आलेल्या नाहीत. मी चौकशी केलेली नाही.