ओट्याखालचे पाणी

मृग नक्षत्राची चाहूल लागली की जुन्या पेठेतील सावध व्यापारी कोणी न सांगता एक काम उरकून घेतो. खालच्या फळीवरची पोती, कापडाचे गठ्ठे आणि वह्यांची खोकी तो वरच्या फळीवर चढवतो. आजोबांच्या काळी याची गरज पडत नसे, कारण दुकानाचा ओटा रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या उंच होता. ओटा आजही तेवढाच आहे, वर आला आहे तो रस्ता. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर पडत गेला आणि हळूहळू उंबरठा व रस्ता एका पातळीवर आले. आता पावसाचे पाणी गिऱ्हाइकाच्या आधी दुकानात शिरते.

चंद्रपूर हे नगर मुळात पाण्याच्या आधाराने वसले. पश्चिमेस इरई आणि पूर्वेस झरपट. शहराच्या दक्षिणेस दोघींचा संगम होतो आणि पुढे इरई वर्धेला जाऊन मिळते. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावरील फोड झरपटीच्या पात्रातील पाण्याने बरे झाले आणि एका सशाने शिकारी कुत्र्याचा पाठलाग केला त्या मागावर परकोटाची आखणी झाली, अशी लोककथा येथे घरोघरी सांगितली जाते. कथेतले किती खरे हा प्रश्न वेगळा. परंतु जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे चार दरवाजे आणि बगड, हनुमान, विठोबा व चोर यांसारख्या खिडक्या आजही उभ्या आहेत, आणि त्यांच्या आतील पेठेत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार चालत आला आहे.

हा परकोट ज्या वस्तीसाठी पुरेसा होता ती वस्ती आता राहिलेली नाही. १९०१ च्या जनगणनेत चांदा शहराची लोकसंख्या सुमारे १८ हजार होती. २०११ मध्ये ती ३ लाख २० हजारांवर गेली आणि त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. दरम्यान भोवताली कोळशाच्या खाणी वाढल्या. शहराला लागून औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. त्याची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी तेथील जंगलपट्ट्यातील अनेक कुटुंबांची मोठी बाजारपेठ चंद्रपूरच राहिली. लग्नाचा बस्ता, शेतीची अवजारे, मोठ्या आजारावरचे उपचार यांसाठी अहेरी-सिरोंच्याकडील माणूस आजही या शहराकडे पाहतो. म्हणून येथील रस्ता, नळ आणि गटार यांचा प्रश्न केवळ येथील करदात्यांचा नाही; दोन जिल्ह्यांतील माणसांची सोय-गैरसोय त्यावर अवलंबून आहे. जटपुरा दरवाज्याच्या कमानीपाशी संध्याकाळी अडकलेल्या रुग्णवाहिकेला कोणत्या जिल्ह्यातून आलात, असे कोणी विचारत नाही.

शहर सुधारावे असे प्रत्येकाला वाटते. मतभेद आहे तो आरंभ कोठून करावा याविषयी. रुंद रस्ते, दुभाजक, दिव्यांचे खांब आणि सुशोभित चौक ही कामे डोळ्यांत भरतात, त्यामुळे त्यांची मागणी प्रथम होते. चंद्रपूरची भूमी मात्र वेगळा क्रम सांगते. २००६, २०१३ आणि २०२२ या वर्षांच्या पावसाळ्यांत शहराने पूर अनुभवला. येथील पुराची रीत समजून घेण्याजोगी आहे. वर्धा दुथडी भरून वाहू लागली की इरईचे पाणी तिच्यात सामावत नाही आणि ते मागे फिरते. त्याच सुमारास इरई धरण भरले तर दरवाजे उघडावे लागतात. पुढून तुंबलेले आणि मागून सोडलेले पाणी मग रहमतनगरसारख्या सखल वस्त्यांत शिरते आणि पठाणपुरा दरवाज्याबाहेरचा रस्ता बंद होतो. नदीच जेव्हा पाणी घेण्यास नकार देते तेव्हा शहरातील गटारे आपले पाणी कोठे नेणार? ते काही तास कोठेतरी थांबावे लागते. तलाव, मोकळी मैदाने आणि नाल्यांची रुंद पात्रे ही ती थांबण्याची ठिकाणे होती. त्यांपैकी जे भरून टाकले गेले, तेथील पाण्याने जवळचे घर किंवा दुकान शोधले.

याच शहराने दुसरे टोकही पाहिले आहे. मे २०१० मध्ये इरई धरणातील साठा इतका खालावला की वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. पावसाळ्यात पाणी नको असते आणि उन्हाळ्यात ते मिळत नाही. ही दोन संकटे वेगळी वाटली तरी मूळ एकच आहे: पडलेल्या पाण्याला जिरायला व साठायला जागा उरलेली नाही.

नागरिकांनी मनावर घेतले तर काय घडते याचे उदाहरणही चंद्रपुरातच आहे. परकोटाचे बुरूज झाडाझुडपांत आणि कचऱ्यात हरवले होते. मार्च २०१७ पासून बंडू धोतरे यांच्या नेतृत्वाखालील ‘इको-प्रो’ संस्थेच्या स्वयंसेवकांनी दररोज सकाळी श्रमदान करून ते मोकळे केले, आणि त्या कामाची दखल त्याच वर्षी पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये घेतली गेली. पुढे रामाळा तलावासाठी धोतरे यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अन्नत्याग सत्याग्रह केला. गोंडकालीन तलावात सांडपाणी मिसळत होते आणि जलपर्णीने पृष्ठभाग झाकला होता. शहराचा पाण्याचा वारसा शहरवासीयांच्याच घरांतून निघणाऱ्या मैलपाण्याने मरत होता, ही गोष्ट त्या उपोषणाने सर्वांसमोर ठेवली.

येथे जैन गृहस्थाने क्षणभर थांबावे. आपल्या घरांत पाणी गाळून पिण्याची परंपरा आहे. गाळलेल्या वस्त्रातील जीव ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत सोडण्याची, म्हणजे जिवाणी पोहोचवण्याची रीत वडीलधाऱ्या स्त्रियांनी श्रद्धेने जपली. साधूंच्या पाच समितींत उत्सर्ग समितीला स्थान आहे. टाकाऊ वस्तू कोठे व कशी टाकावी यातही जीवहिंसा टळावी, एवढी सूक्ष्म दृष्टी तीत आहे. घागरभर पाण्याविषयी इतका विवेक बाळगणाऱ्या घराच्या मागच्या दाराने साबणाचे, तेलाचे आणि शौचालयाचे पाणी नाल्यावाटे तलावात जात असेल, तर तो विवेक उंबरठ्यावरच संपला असे म्हणावे लागेल. गाळणीतून वाचलेले सूक्ष्म जीव आणि तलावात गुदमरलेले मासे यांत दयाधर्म भेद कसा करील?

व्यापारी घराला या बाबतीत करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. दुकानासमोरील गटारावर पक्का सिमेंटचा ओटा बांधला की गिऱ्हाइकाला उभे राहायला हातभर जागा मिळते, परंतु खालचे गटार साफ करणे अशक्य होते. एका दुकानाखाली अडकलेला प्लॅस्टिकचा गोळा सबंध गल्लीचे पाणी अडवतो. पक्क्या ओट्याऐवजी उचलता येणारी फरशी किंवा लोखंडी जाळी बसवली तर सोयही राहते आणि पाण्याची वाटही. माल उतरवण्याची वेळ भल्या पहाटेची ठरवून घेतली तर जटपुऱ्याची कोंडी काही अंशी सुटते. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर येथील सरासरी पावसात वर्षाला सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. ते पन्हाळीने थेट रस्त्यावर न सोडता गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात उतरवले, तर पुराचा भारही हलका होतो आणि उन्हाळ्याची तरतूदही होते.

एवढे केल्यावर मागणीला धार येते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार गटारे, पाणीपुरवठा आणि सार्वजनिक स्वच्छता ही महानगरपालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. व्यापारी संघाने तेथे जाऊन तीन गोष्टी लेखी मागाव्यात. रस्त्यावर नवा थर देण्यापूर्वी जुना थर खरवडावा, म्हणजे घरे-दुकाने खड्ड्यात जाणार नाहीत. जलवाहिनी व मलवाहिनी आधी टाकावी, रस्ता नंतर करावा, म्हणजे एकच रस्ता पुनःपुन्हा खोदावा लागणार नाही. आणि प्रत्येक प्रभागातील नाल्यांची व सखल जागांची पातळी मोजून तो नकाशा नागरिकांसमोर ठेवावा, म्हणजे पाण्याच्या वाटेवर कोण बांधकाम करीत आहे ते सर्वांना दिसेल. परकोटालगत १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास पुरातत्त्व कायद्याने मनाई आहे. या बंधनाचा त्रास अनेक कुटुंबांना होतो हे खरे. पण भिंतीलगतची मोकळी जागा हिरवी आणि पाणी मुरवणारी ठेवली तर तेच बंधन शहराच्या उपयोगी पडेल.

पूर्वी उन्हाळा आला की पेठेतील सावकार पाणपोई घालत असे. वाटसरू कोण, कोणत्या गावचा, हे तो पाहत नसे. त्या दानात रांजण भरणे होते, तसेच रांजणाभोवतीचा चिखल रोज काढणेही होते. आजच्या शहराला त्या दुसऱ्या भागाची अधिक गरज आहे. या मृगापूर्वी माल वरच्या फळीवर चढवून झाला की व्यापाऱ्याने ओट्याखालची फरशी एकदा उचलून पाहावी. खाली पाण्याला वाट आहे की नाही, हे त्याला पालिकेच्या अभियंत्याआधी कळेल.