मधपेटीला ऑइलपेंट कशाला? जवसाचं तेल द्या

मधपेटी विकत घेताना किंवा योजनेतून पदरात पडताना आपण पहिल्यांदा काय बघतो? रंग. हिरवीगार, चकचकीत पेटी दिसली की माल चांगला असं धरून चालतो. पेट्या तपासून सही करणारे साहेबही तेच बघतात. माझ्याकडं आलेल्या पाच पेट्या अशाच चकचकीत होत्या. आतूनसुद्धा ऑइलपेंट. पहिल्याच पावसाळ्यात रंगाखाली फोड आले, लाकूड फुगलं आणि दिवाळीपर्यंत सांध्यात करंगळी जाईल एवढी फट पडली. फटीतून मेणकिडा शिरला आणि तीन वसाहती उडून गेल्या. सातेरी माशी नाराज झाली की घर सोडते, हे जुन्या मधपाळांना सांगायला नको.

हे का होतं, ते समजून घ्या. फुलातून आणलेल्या रसात पुष्कळदा निम्म्याहून जास्त पाणी असतं. माश्या पंखांनी वारा घालून ते उडवतात तेव्हा मध पिकतो. म्हणजे पेटीत ओल आतूनही असते. ऑइलपेंटचा थर बाहेरून लाकडाचं तोंड बंद करतो. रंगाला एक बारीक चीर पडली की पाऊस आत जातो आणि तिथंच अडकतो. तेल मात्र लाकडात मुरतं, पाणी झटकतं आणि आतल्या वाफेला वाट ठेवतं.

कृती सोपी आहे. घाण्याचं कच्चं जवसाचं तेल १ लिटर घ्या. हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉइल’ म्हणून मिळतं ते नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. तेलाचा डबा पाण्याच्या पातेल्यात ठेवून गरम करा, थेट जाळावर नाही. त्यात ५० ग्रॅम मधमाश्यांचं मेण विरघळवा. मेण विकत आणायची गरज नाही, जुनी पोळी गरम पाण्यात वितळवून फडक्यातून गाळली की झालं. मेणबत्तीचं मेण चालणार नाही.

पेटी रिकामी आणि कोरडी हवी. कोमट तेल फडक्यानं बाहेरून चोळा. फळीची कापलेली टोकं आणि सांधे यांना दोनतीनदा पाजा, कारण पाणी तिथूनच जास्त ओढलं जातं. अर्ध्या तासानं वर राहिलेलं तेल पुसून टाका, नाहीतर चिकट राहतं. आठवड्यानं दुसरा हात द्या. वास पुरता गेल्याशिवाय माश्या भरू नका, चांगले पंधरा दिवस जाऊ द्यात.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

आतून काही लावायचं नाही. मेलिफेरा माशी झाडांची राळ आणून पेटी आतून लिंपते, आपली सातेरी ते करत नाही. तिच्यासाठी आतल्या फळीवर थोडं मेण घासलं तरी पुरे. जळकं इंजिन ऑइल आणि डांबर तर पेटीच्या आसपासही नको. वाळवीची भीती असेल तर घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्याही चढणार नाहीत.

तेलानं सगळं भागतं असं मी म्हणत नाही. तेल दरवर्षी द्यावं लागतं, रंग तीनचार वर्षं दिसायला तरी टिकतो. महाबळेश्वर-जावळीच्या पावसापुढं झाकणावर पत्रा हवाच, आणि पेटी मागून बोटभर उचललेली हवी, म्हणजे पाणी दारातून बाहेर येतं. तेलानं लाकूड काळपट पडतं आणि तापतं, म्हणून पेटी सावलीत ठेवा. आंब्याच्या पांढऱ्या, ओल्या लाकडाची पेटी तर कोणत्याही तेलानं वाचणार नाही. रंगच द्यायचा असेल तर फिकट द्या आणि फक्त बाहेरून द्या. आणि तेल द्यायला पेटी रिकामी करावी लागते, त्यासाठी पाच पेट्यांमागं एक जादा पेटी जवळ असू द्या. मे महिन्यात मध काढून झाला की एकेक वसाहत हलवायची.

आता सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक सांगणं. आपल्या जिल्ह्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तेव्हापासून पेट्यांची मागणी गावोगाव निघते आहे. तुमच्या गावात पेट्या येतील तेव्हा बिनरंगाच्या मागा. एक पेटी उलटी करून तांब्याभर पाणी सांध्यावर ओता आणि आत हात फिरवून बघा. हात ओला झाला तर सही करू नका. गावातल्या सुतारालाही त्या दिवशी बोलावून घ्या, लाकूड सुकं आहे की नाही हे तो नखानं सांगेल.