गुंजेएवढे विष आणि मिहानकडून अपेक्षा

आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हा हिशेब मागच्या पिढ्यांना तोंडपाठ होता. जिच्या भाराने सोने तोलले गेले ती तांबडी, काळ्या डोळ्याची बी आजही विदर्भात कुंपणावर वाढते. एरंड धुऱ्यावर उभा असतो आणि चंद्रज्योत गावाच्या वेशीवर. ही झाडे इतकी ओळखीची आहेत की त्यांचे भय वाटत नाही. धोका नेमका या ओळखीत आहे.

गुंजेतील ॲब्रिन आणि एरंडीतील रिसिन ही प्रथिने जगातील अतितीव्र विषांत मोडतात. रिसिनचा शोध १८८८ मध्ये श्टिलमार्क या तरुण संशोधकाने दोर्पाट येथे लावला, तर पॉल एर्लिश यांनी १८९१ मध्ये याच दोन विषांच्या साहाय्याने उंदरांमधील प्रतिकारशक्तीचा अभ्यास केला. परंतु ही विषे पेशीला नेमकी कशी मारतात, हे कळायला १९८७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी एंडो आणि त्सुरुगी या जपानी शास्त्रज्ञांनी ते रहस्य उकलले.

या प्रथिनांचे दोन भाग असतात. एक भाग पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करेला चिकटतो व दुसऱ्याला आत प्रवेश मिळवून देतो. आत शिरलेला भाग थेट रायबोसोमवर, म्हणजे पेशीच्या प्रथिने घडविणाऱ्या कारखान्यावर, घाला घालतो. तेथील हजारो घटकांच्या दीर्घ साखळीतून तो ॲडेनीनचा केवळ एक तुकडा काढून टाकतो आणि तेवढ्याने तो रायबोसोम कायमचा बंद पडतो. विषाचा रेणू मात्र खर्ची पडत नाही; तो पुढच्या रायबोसोमकडे वळतो. मिनिटाला हजाराहून अधिक रायबोसोम निकामी करण्याची त्याची क्षमता प्रयोगशाळेत दिसून आली आहे. प्रथिनांची निर्मिती थांबली की पेशीत धोक्याचे संकेत उमटतात आणि अखेर ती स्वतःच्याच विनाशाची यंत्रणा चालू करते. शत्रू आत येऊन केवळ चूल विझवतो; घर पाडण्याचे काम घरच करते.

हे शास्त्र शिक्षकाने आणि पालकाने का जाणावे? कारण या विषाचा फसवेपणा त्याच्या कार्यपद्धतीतूनच आलेला आहे. विष पेशीत शिरून तिचे काम बंद पाडण्यात कित्येक तास जातात. बी चावलेले मूल तोवर हसतखेळत असते. उलट्या, जुलाब, पोटदुखी नंतर सुरू होतात. ‘काही झाले नाही’ असे समजून घालवलेले हेच तास सर्वांत मोलाचे असतात. एकदा विष पेशीत शिरले की त्यावर मान्यताप्राप्त उतारा आजही उपलब्ध नाही. लवकर पोचलेल्या रुग्णाला डॉक्टर सक्रिय कोळसा देऊ शकतात. त्यानंतर उरतो तो सलाईनचा आणि शुश्रूषेचा आधार. अखंड गिळलेली बी कठीण कवचामुळे पुष्कळदा तशीच बाहेर पडते. चावलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली बी मात्र घातक ठरते. पण हा निवाडा घरी करावयाचा नसतो. घशात बोटे घालून वा मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. उरलेल्या बिया बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

चंद्रज्योतीची कथा आपल्या प्रशासनाला अंतर्मुख करणारी आहे. तत्कालीन योजना आयोगाच्या समितीने २००३ मध्ये जैवइंधनासाठी तिच्या व्यापक लागवडीची शिफारस केली. लागवडीचा उत्साह दिसला. बी विषारी असल्याची माहिती त्याच उत्साहाने शाळेपर्यंत गेली नाही. शेंगदाण्यासारखी चव लागते म्हणून बिया खाल्लेली शाळकरी मुले रुग्णालयात दाखल झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येत राहिल्या. तिच्यातील कर्सिन हे प्रथिन स्वतः होऊन पेशीत सहज शिरू शकत नाही आणि बियांतील फॉर्बोल एस्टर ही द्रव्ये अधिक त्रास देतात. बहुतेक मुले बरी होतात, परंतु यावर विसंबणे म्हणजे धोरण नव्हे.

मिहान परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. अशा संस्थेचे मोल केवळ खाटांच्या संख्येने ठरू नये. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विषमाहिती केंद्र आहे, त्या धर्तीवर विदर्भातील शिक्षकाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला अहोरात्र मराठीतून मार्गदर्शन मिळण्याची सोय मिहानहून असली पाहिजे. परिसरातील विषारी वनस्पतींचा सचित्र तक्ता प्रत्येक शाळेत लागावा. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या उपचाराचे ज्ञान ग्रामीण डॉक्टरांपर्यंत नेले आणि असंख्य प्राण वाचले. तेथे निदान औषध तरी होते. जेथे औषधच नाही, तेथे वेळेवर पोचलेली माहिती हाच उतारा.

झाडे तोडणे हा उपाय नव्हे. एरंडेलाच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे. रिसिन पाण्यात विरघळणारे असल्याने ते तेलात न उतरता पेंडीत राहते. एकाच बीतून औषध आणि विष वेगळे काढण्याची विद्या आपल्याला अवगत आहे. तिचा गुंजभर अंश गावच्या शाळेपर्यंत पोचविणे अवघड असू नये.