ट्रक घ्यायचाय? आधी भाडं शोधा, मग गाडी! जळगाव-धुळ्यातल्या नव्या गाडीमालकांसाठी पूर्ण हिशेब

खान्देशातल्या बहुतेक गावांत हे बोलणं कधी ना कधी कानावर येतं: 'शेतीत काही राहिलं नाही, नोकरी मिळत नाही, एखादी गाडी काढून टाकू.' शोरूममध्ये डाउन पेमेंटचा आकडा ऐकून धीर येतो. फायनान्सवाला घरी येऊन कागद करून देतो. काही वेळा जमीन किंवा घर तारण जातं. गाडीला हार घातला जातो आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न पडतो, भरायचं काय आणि कुठून?

गाडीमालक होणं सोपं झालंय, मालवाहतुकीचा धंदा मात्र सोपा नाही. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांनी सहीआधी काय तपासावं, ते सोप्या भाषेत समजून घेऊया.

खान्देशात संधी आहे का?

आहे, आणि ती भूगोलानेच दिली आहे. धुळे हे महामार्गांचं जंक्शन आहे. सुरतहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ इथून जातो. इंदूरहून येऊन छत्रपती संभाजीनगर-सोलापूरकडे जाणारा ५२ क्रमांकाचा महामार्गही इथूनच जातो. नाशिक-पुण्याकडचा ६० इथूनच सुटतो. जळगाव आणि भुसावळ ५३ वरच आहेत. म्हणजे गुजरात, मध्य प्रदेश, विदर्भ आणि मुंबई या चारही दिशांना इथून गाडी सुटते.

मालही आहे. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या पट्ट्यातली केळी उत्तर भारतात जाते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जळगावात डाळ मिल, पीव्हीसी पाइप आणि चटईचे कारखाने आहेत. धुळ्यात अवधान आणि शिंदखेडा तालुक्यात नरडाणा एमआयडीसी आहे. हिवाळ्यात जिनिंगमधून कापसाच्या गाठी निघतात, शिवाय मका आहे.

पण प्रत्येक मालाचा स्वभाव वेगळा असतो, आणि गाडी त्या स्वभावाप्रमाणे घ्यावी लागते.

- केळी: घाईचा माल. गाडी उशिरा पोहोचली आणि माल पिकला, तर भाड्यातून कपात होते. वादळ-गारपिटीत बाग आडवी झाली, तर त्या भागातलं लोडिंगच थांबतं.
- डाळ, मका: वजनाचा माल. गाडीची जागा भरण्याआधी पासिंग भरतं.
- पाइप, चटई: मापाचा माल. वजन कमी पण जागा जास्त लागते. इथे टनेजपेक्षा बॉडीची लांबी कामाची.
- कापूस गाठी: हंगामी माल, शिवाय आगीचा धोका. ताडपत्री आणि विमा दोन्ही पक्के हवेत.

'कोणती गाडी घेऊ?' हा प्रश्न म्हणूनच दुसरा. पहिला प्रश्न आहे, 'कोणाचा, कोणता माल, महिन्यातून किती वेळा?'

गणित काय सांगतं?

एक उदाहरण घेऊ. आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्या गाडीचे आकडे टाकून हेच गणित पुन्हा करा.

सहा टायरचा, १८.५ टन पासिंगचा ट्रक. बॉडीसह किंमत ३० लाख. ६ लाख स्वतःचे, २४ लाख कर्ज, ११ टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता सुमारे ५२,००० रुपये.

दरमहा ठरलेला खर्च (गाडी उभी असली तरी):
- हप्ता: ५२,०००
- विमा, परमिट, टॅक्स यांचा मासिक वाटा: १०,०००
- चालक आणि क्लिनर: २८,०००
- एकूण: ९०,०००

चालल्यावर होणारा खर्च, प्रति किलोमीटर:
- डिझेल (९० रुपये लिटर, ५ चा अ‍ॅव्हरेज): १८ रुपये
- टोल: ४ रुपये
- टायर: दीड रुपया
- ऑइल, डीईएफ, सर्व्हिसिंग, दुरुस्ती: २ रुपये
- एकूण: साडेपंचवीस रुपये

महिन्याला गाडी ६,००० किलोमीटर चालली, तर एकूण खर्च २ लाख ४३ हजार, म्हणजे किलोमीटरला साडेचाळीस रुपये. तीच गाडी ३,५०० किलोमीटर चालली, तर किलोमीटरला सुमारे ५१ रुपये. गाडी तीच, रस्ता तोच, डिझेलचा भावही तोच. उभ्या दिवसांनी किलोमीटरमागे १० रुपये वाढवले.

आता खरा मार बघा. ६,००० पैकी ३,००० किलोमीटर गाडी रिकामी परतली, तर भरलेल्या प्रत्येक किलोमीटरला ८१ रुपये मिळाले तरच खर्च निघतो. दलालाचं कमिशन, हमाली, वाराई, चलान आणि तुमचा स्वतःचा पगार यात धरलेलाच नाही.

या धंद्याचं मर्म परतीच्या भाड्यात आहे. जाताना सगळ्यांनाच माल मिळतो. येताना तीन दिवस कुठल्यातरी ट्रान्सपोर्ट नगरात गाडी उभी ठेवावी लागली, तर जातानाचा नफा तिथेच संपतो.

कागद कोणते लागतात?

- परमिट: ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यावर लागतं. राज्याबाहेर जायचं तर नॅशनल परमिट, त्याचं एकत्रित शुल्क वर्षाला १६,५०० रुपये. मल्टी-अ‍ॅक्सल नसलेल्या गाडीला १२ वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही, मल्टी-अ‍ॅक्सलला १५ वर्षांनंतर. जुना ट्रक स्वस्तात मिळत असेल तर आधी हे वय मोजा.
- फिटनेस: गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी.
- विमा: थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या दरांनुसार १२ ते २० टन गटातल्या गाडीला ३५,३१३ रुपये. गाडीच्या नुकसानीचा आणि मालाचा विमा वेगळा.
- लायसन्स: ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला हे पक्कं केलं. त्यावरच्या गाडीला संबंधित लायसन्स असलेलाच चालक हवा, नाहीतर अपघातानंतर विमा अडतो.
- ई-वे बिल: परराज्यात ५० हजारांवरच्या मालाला, महाराष्ट्रात १ लाखावर. साधारण २०० किलोमीटरला एक दिवस मुदत. गाडी रस्त्यात बंद पडली तर मुदत वाढवून घ्यायला विसरू नका.
- जीएसटी: २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रक आणि टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तुम्ही स्वतः बिल्टी फाडत नसाल आणि गाडी फक्त ट्रान्सपोर्टला लावत असाल, तर सहसा भाड्यावर तुम्हाला जीएसटी भरावा लागत नाही. पण मग गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही.
- स्वतःच्या नावाने बुकिंग: लोकांचा माल घेऊन स्वतःची बिल्टी द्यायची असेल, तर २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखाली 'कॉमन कॅरिअर' म्हणून नोंदणी लागते.
- आयकर: १० पर्यंत गाड्या असलेल्यांसाठी अंदाजित उत्पन्नाची सोपी पद्धत आहे. ती ४४एई या नावाने ओळखली जाते. १२ टनांवरच्या गाडीला टनामागे महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरलं जातं, छोट्या गाडीला ७,५०० रुपये. लक्षात ठेवा, तोटा झाला तरी या पद्धतीत उत्पन्न धरलं जातंच.

ओव्हरलोड करून हप्ता फेडू, असं वाटतंय?

सगळेच भरतात, आपणही भरू, हा या धंद्यातला सर्वात महागडा सल्ला आहे. २०१८ मध्ये केंद्राने वजनाची मर्यादा आधीच वाढवली आहे. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला १६.२ वरून १८.५ टन, तीन अ‍ॅक्सलला २५ वरून २८.५ टन. यात गाडीचं स्वतःचं वजनही येतं. बॉडीसह रिकामी गाडी साडेसहा टन असेल, तर माल १२ टनच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवून घ्यावा लागतो तो वेगळाच. समजा ४ टन जास्त भरले आणि टनाला १,५०० रुपये मिळाले. जादा कमाई ६,००० रुपये. पकडलं गेलं तर दंड २८,००० रुपये. म्हणजे जवळपास पाच खेपांची जादा कमाई एका वजनकाट्यावर गेली.

दंड तरी भरून होतो. ब्रेकचं तसं नाही. मध्य प्रदेशातून बिजासन घाट उतरून शिरपूर तालुक्यात शिरताना काय होऊ शकतं, हे ४ जुलै २०२३ ला पळासनेरला दिसलं. भरधाव कंटेनर गाड्यांना धडकत थेट हॉटेलात शिरला. किमान १० जणांचा जीव गेला. ब्रेक निकामी झाल्याचं प्राथमिक कारण तेव्हा सांगितलं गेलं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटला. मालावर बसून निघालेले किमान १५ मजूर दगावले. मजुरांना मालावर बसवणं आपल्याकडे इतकं सवयीचं आहे, की त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. नव्या मालकाने पहिल्या दिवसापासून 'नाही' म्हणावं. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोडून इतरांची भरपाई द्यायला विमा कंपन्या सहसा नकार देतात. ती जबाबदारी मग थेट तुमच्यावर येते.

पैसा कुठे अडकतो?

बाजारातल्या भाड्यात मोठा भाग अ‍ॅडव्हान्स मिळतो, उरलेली 'बाकी' पोहोच पावती परत आल्यावर. कंपनीच्या कामात दर स्थिर असतो, पण बिल निघायला दीड-दोन महिने लागू शकतात. डिझेल मात्र आज रोखीने भरायचं आणि हप्ता ठरल्या तारखेला जाणार. वरच्या उदाहरणात दोन महिन्यांचा फक्त चालण्याचा खर्च ३ लाखांवर जातो. तेवढी रक्कम डाउन पेमेंटव्यतिरिक्त हातात नसेल, तर गाडी घेऊ नका.

एक हत्यार मात्र आहे. वाहतूक ही सेवा असल्याने उद्यम नोंदणी करता येते. सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं ४५ दिवसांत चुकतं करणं कायद्याने बंधनकारक आहे. एप्रिल २०२४ पासून वेळेत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

भाडं ठरवताना तीन गोष्टी लिहूनच घ्या: हॉल्टिंगचा रोजचा दर, हमाली आणि वाराई कोणाकडे, मालात तूट आली तर कपात कशी. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही गाडीमालकांची जुनी मागणी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक स्पष्ट मेसेजही नंतरच्या भांडणात उपयोगी पडतो.

मग सुरुवात कशी करावी?

१. सहा महिने एखाद्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम करा. बिल्टी, दलाल, हंगाम आणि बुडवे गिऱ्हाईक, सगळं तिथे समजतं.
२. गाडीआधी किमान दोन ठिकाणचं नियमित भाडं पक्कं करा, एक जातानाचं आणि एक येतानाचं.
३. शक्य असेल तर छोट्या गाडीने सुरू करा. शेत ते मंडी, एमआयडीसी ते शहर, गाव ते रेल्वे स्टेशन ही कामं कमी जोखमीची आहेत.
४. जुनी गाडी घेताना आरसीवरचा बोजा, थकीत टॅक्स, ई-चलान, फिटनेस आणि परमिटचं वय ऑनलाइन तपासा. मेकॅनिक आपला न्या, विकणाऱ्याचा नको.
५. चालकाला ठरलेल्या तारखेला पगार द्या. चांगला चालक टिकला, तर अ‍ॅव्हरेज, टायर आणि गाडी तिन्ही टिकतात.
६. प्रत्येक खेपेचा हिशेब मोबाइलवर लिहा. खेपेला काय उरलं हे माहीत नसेल, तर तुम्ही फायनान्स कंपनीसाठी गाडी चालवताय.

आणि व्यवस्थेचं काय?

सगळा शहाणपणा गाडीमालकाकडूनच मागणं बरोबर नाही. कर्ज देताना जामीनदार आणि सातबारा बघितला जातो. तसंच अर्जदाराकडे भाड्याचं काम आहे का, हेही बघितलं पाहिजे. ओव्हरलोड रस्त्यावर पकडण्याआधी तो भरला जातो तिथेच, म्हणजे मिल, कारखाना आणि बाजार समितीच्या काट्यावर थांबवता येतो. कलम १९४ गाडी तशी चालवायला लावणाऱ्यालाही लागू होतं. पण कारवाई बहुतेक वेळा स्टिअरिंगवरच्या माणसापाशी संपते.

जळगाव आणि धुळे ही शहरं ट्रकवर जगतात. तरी चालकाला रात्री गाडी सुरक्षित लावून अंघोळ आणि झोप मिळेल, अशा जागा पुरेशा नाहीत. गाड्या महामार्गाच्या कडेला उभ्या राहतात आणि मागून येणारा दुचाकीस्वार त्यांवर आदळतो. महामार्ग ५३ वरच्या फागणे-तरसोद टप्प्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं, त्याची किंमत डिझेल आणि टायरच्या रूपाने गाडीमालकांनी मोजली.

पुढे बदलही येतोय. ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो धुळ्यातून जाणार आहे. लांबचा काही माल रुळांवर जाईल, पण शेतापासून स्टेशनपर्यंत आणि स्टेशनपासून दुकानापर्यंत गाडी लागेलच. पाच वर्षांचं कर्ज घेणाऱ्याने हेही डोक्यात ठेवावं.

थोडक्यात: ट्रक हा सोनं नाही, की घेऊन ठेवला आणि भाव वाढला. तो रोज चालला तरच कमावतो. शोरूममध्ये जाण्याआधी वहीच्या एका पानावर तीन ओळी लिहा: कोणाचा माल, परतीला काय, आणि दोन महिने पैसे अडकले तर हप्ता कुठून. तिन्ही उत्तरं नावानिशी लिहिता आली, तर खुशाल गाडी घ्या. एकही ओळ कोरी राहिली, तर सातबारा कपाटातच राहू द्या.