मुळांचा सोडा : गुण चवीला द्या, नात्याला नव्हे

उन्हाळा लागला की देऊळघाट, बुलढाण्यापासून घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्यापर्यंत सोड्याच्या गाड्या उभ्या राहतात. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा भरते, तेव्हा तर थंड पेये विकणाऱ्याला दम खायला फुरसत नसते. या धंद्यात आपले भाऊही आहेत. त्यांच्यापैकीच देऊळघाटच्या एका तरुण सोडावाल्याने आम्हाला विचारले, "शहरात हल्ली रूट बिअर म्हणून एक पेय महाग विकतात. तसे आपण बनवले तर चालेल का?" प्रश्न धंद्याचा होता. त्यामुळे उत्तर ऐकीव माहितीवर न देता चाखूनच द्यावे, असे आम्ही ठरवले.

आधी नावाचा खुलासा. रूट म्हणजे मूळ. झाडांच्या मुळ्या व साली यांच्या अर्कात साखर घालून हे पेय करतात. फिलाडेल्फियाचे औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी १८७६ च्या तिथल्या मोठ्या प्रदर्शनात ते लोकांपुढे मांडले. ते स्वतः दारूबंदीचे पुरस्कर्ते होते. तरीही नावातल्या 'बिअर'मुळे तिथल्या दारूबंदीवाल्या महिला संघटनेने १८९५ पासून तीन वर्षे त्यांच्या मालावर बहिष्कार घातला. मात्र केवळ खुलाशावर समाधान मानू नये. जुन्या पद्धतीत या पेयाला फेस यावा म्हणून खमीर घालत, आणि खमिराने थोडा का होईना मद्यार्क तयार होतो. आजच्या कारखान्यात बहुधा गॅस भरतात. म्हणून घेणाऱ्याने बनवणाऱ्याला सरळ विचारावे : फेस खमिराचा की गॅसचा? विकणाऱ्यानेही उत्तर तयार ठेवावे. आपल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न हाच असणार.

आता चाखण्याविषयी. आम्ही पाच जण बसलो. तीन पेये होती : शहरातून आणलेली रूट बिअर, बाजारी इसेन्सचा रंगीत सोडा, आणि त्या तरुणाने उपळसरीच्या सरबतात सोडा घालून केलेला नमुना. बाटल्यांना कागद गुंडाळला, तिन्ही सारख्याच थंड केल्या आणि प्रत्येक घोटानंतर साध्या पाण्याने चूळ भरली. गंध, गोडी, गॅसचा जोर आणि मागे राहणारी चव, प्रत्येकाला पाच असे वीस गुण. बोलण्याआधी प्रत्येकाने आपले गुण लिहायचे, ही अट होती. एकदा कोणी "वाहवा" म्हटले की बाकीच्यांची जीभ त्याच्याच मागे जाते.

शहरी रूट बिअरला आम्ही वीसपैकी दहा गुण दिले. गॅस चांगला, गोडी बेताची. पण पहिल्याच घोटाला एक बुजुर्ग म्हणाले, "अरे, हा तर गुडघ्याला लावायचा बाम!" त्यांचे चुकले नाही. या पेयात विंटरग्रीनचा वास असतो, आणि आपल्याकडे दुखण्यावर चोळतात ते गंधपुऱ्याचे तेल त्याच जातीचे. अमेरिकन माणसाला या वासाने बालपण आठवते, आपल्याला आजारपण. इसेन्सच्या सोड्याला आठ गुण मिळाले. त्याची गोडी जिभेवर चिकटून राहते आणि रंग दातांवर.

उपळसरीला चौदा गुण मिळाले. हिलाच अनंतमूळ म्हणतात, हकीम मंडळी उशबा हिंदी म्हणून ओळखतात, आणि दक्षिणेत हिचे नन्नारी सरबत घरोघरी होते. मुळीच्या सालीला व्हॅनिलासारखा मंद सुवास असतो. मूळ धुऊन, ठेचून, आतला लाकडी गाभा काढून टाकायचा. साल गरम पाण्यात रात्रभर भिजवून गाळायची, मग साखरेचा पाक आणि लिंबू. मूळ मात्र ओळखीच्या काष्ठौषधीवाल्याकडूनच घ्यावे.

मग सहा गुण कुठे गेले? साखर जास्त झाली होती. सरबत कोमट असताना सोडा ओतल्याने दहा मिनिटांत गॅस उडाला. गॅस थंड पाण्यातच टिकतो. कागद काढल्यावर कोणी म्हणाले, "आपल्या पोराचे आहे, दोन गुण वाढवा." आम्ही वाढवले नाहीत. आपला म्हणून माणूस पहिली बाटली घेईल, दुसरी तो चवीसाठीच घेतो. खोटे गुण देणे म्हणजे त्या पोराचे भांडवल बुडवायला हातभार लावणे होय.

सुरतेचे उदाहरण पाहा. अब्बास अब्दुलरहीम हजूरी यांनी १९२३ मध्ये तिथे विलायती पेयाला देशी पर्याय म्हणून सोस्यो सुरू केले. परदेशी कंपन्या आल्या, गेल्या, परत आल्या. सोस्यो टिकले, कारण सुरतेच्या जिभेला त्याची चव लागली होती. २०२३ मध्ये रिलायन्सने त्या कंपनीत निम्मा हिस्सा घेतला. मोठ्या भांडवलाला विकत घ्यावीशी वाटावी, अशी ती चव ठरली.

शेवटी हिशेब. साखर किंवा स्वाद घातलेल्या गॅसच्या पेयांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, आणि ती बनवणाऱ्याला २०१९ पासून कंपोझिशन योजना बंद आहे. अन्न सुरक्षेची नोंदणी तर हातगाडीलाही लागते. म्हणून बाटल्या भरण्याचे यंत्र घेण्याआधी जाणकाराकडून सगळा हिशेब तपासून घ्यावा.

आमचा सल्ला असा : अमेरिकेच्या बाटलीची नक्कल करू नका. मुळी आपल्याकडे आहे, नाव उपळसरी सोडा ठेवा, म्हणजे 'बिअर'चा खुलासाही करावा लागणार नाही. साखर कमी करा, सरबत बर्फात ठेवा, आणि पंधरा दिवसांनी आम्हाला पुन्हा बोलवा. आम्ही येऊ. कागद मात्र बाटलीला गुंडाळलेलाच असू द्या.